घोट्यातले स्क्रू आणि घरची सुपारी

माझ्या डाव्या घोट्यात दोन स्क्रू आहेत. आहेत की होते, हे मला नक्की सांगता यायचं नाही, कारण ते विरघळणारे आहेत. धातूचे नाहीत, त्यामुळे एक्स-रेतही दिसत नाहीत. दिसतात ती फक्त त्यांची भोकं. हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवतात आणि मग हळूहळू शरीरातच नाहीसे होतात. ते काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही.

असं ऑपरेशन ज्यांच्यापुढे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून मी हे लिहितो आहे. पण यात स्क्रूंपेक्षा माझ्या खोटेपणाचीच हकिकत जास्त येईल. ती गाळून लिहायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा कागद फाडले.

पाट

श्रीवर्धनहून हरिहरेश्वराकडे जाताना वाटेत आमचं गाव आहे. पोफळीची वाडी, मागच्या बाजूला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, आणि घरात तिघं: मी, माझी बायको मंदा आणि वहिनी. मुलगी केतकी पनवेलला नोकरी करते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा तीन वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरने गेला. कारण तंबाखू. शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचा. माझ्यासाठी त्याने शेवटचं लिहिलं ते दोनच शब्द. ‘तू सोड.’

दहाव्याला आम्ही हरिहरेश्वरी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या खडकावर चार-पाच बसले होते, पण एकही पुढे येईना. ‘वहिनींना अंतर देणार नाही,’ म्हणालो. कावळे बसूनच. ‘वाडी विकणार नाही,’ म्हणालो. तरी बसूनच. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. मग मी ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणालो, “दादा, आजपासून तंबाखू बंद.” पाणी सोडलं आणि एक कावळा उडत येऊन पिंडाला शिवला. वहिनी तिथेच वाळूत बसून रडल्या. केतकीने माझा हात घट्ट धरला.

त्या क्षणी मी खोटं बोललो नव्हतो. सव्वा महिना तंबाखूला शिवलोही नाही. मग वाडीत सुपारी काढायला गणपत आला. पोफळीवरून खाली उतरला की तो आधी चंची सोडतो. त्याने तंबाखू मळून सवयीने अर्धी माझ्यापुढे धरली आणि मी ती घेतली. त्या दिवसापासून पंपाच्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात, नारळाच्या करवंटीखाली माझी पुडी असायची. घरात मी फक्त सुपारी खायचो. वहिनी रोज सकाळी अडकित्त्याने आमच्या वाडीतली रोठा सुपारी कातरून पितळी डबीत माझ्यासाठी भरून ठेवायच्या. “नुसती सुपारी खाऊन तलफ मारता, भाऊजी, कौतुक आहे तुमचं,” असं म्हणायच्या.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी मी पंपाच्या खोलीमागे उभा राहून चिमूट ओठाखाली ठेवली, तेवढ्यात वाडीच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, वहिनींचा आवाज आला. त्या फुलं काढायला आल्या होत्या. मी चिमूट थुंकली आणि त्यांच्या नजरेआड व्हायला पाटावरून पलीकडे उडी मारली. शेवाळलेल्या दगडावर पाय पडला, दोन दगडांच्या मधे अडकला आणि अंग पुढे गेलं. आतून काडकन आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा.

वहिनी धावत आल्या. माझं डोकं मांडीवर घेऊन विचारलं, “काय करत होतात हो इथे?”

“पाणी फिरवायला आलो होतो,” मी म्हणालो.

विरघळणारे

केतकी म्हणाली, सरळ पनवेलला या. शेजाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून, खाली उशी देऊन मला आणलं. माणगावपर्यंतचा रस्ता मी उभ्या जन्मात विसरणार नाही. प्रत्येक खड्ड्याला मंदा ‘आई गं’ म्हणायची, म्हणून मला म्हणावं लागलं नाही.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड तुटून सरकलंय, स्क्रू घालावे लागतील. मग वर्षा-दीड वर्षाने ते काढायचे का, ते बघू. ‘काढायचे’ म्हटल्यावर माझा चेहरा पडला. दादाची तीन ऑपरेशनं मी बाहेर बाकावर बसून काढली आहेत. दुसऱ्यांदा त्या टेबलावर जायचं, या नुसत्या विचाराने मला घाम फुटला. केतकीने ते पाहिलं आणि तिनेच विचारलं, “डॉक्टर, विरघळणारे असतात ना? मी वाचलंय.”

डॉक्टर म्हणाले, असतात. तुमच्या वडिलांच्या फ्रॅक्चरला चालतीलही. फक्त एक लक्षात घ्या. धातूचा स्क्रू हाडाची वाट बघत बसतो, हा बसत नाही. याची ताकद हळूहळू कमी होत जाते. त्याच्या आत हाडाने धरलं पाहिजे.

त्यांनी नमुन्याचा एक स्क्रू आमच्या हातात दिला. दुधी रंगाचा, बोटाच्या पेराहून थोडा लांब. मंदाने तो उलटसुलट करून पाहिला.

“हा? हा तर टूथब्रशचा तुकडा वाटतो. आणि आंघोळीला पाय भिजला तर?”

“आई, साखरेचा नाहीये तो.”

“तू गप. विरघळणारं म्हणजे तकलादू. लोखंड ते लोखंड.”

दोघींची बराच वेळ जुंपली. शेवटी केतकी माझ्याकडे वळली. “बाबा, पाय तुमचा आहे.” मी म्हणालो, “तू म्हणशील तसं.” असं म्हणताना मला वाटलं की मी लेकीचा मान ठेवतोय.

मग फॉर्म आला. केतकी भरत होती. वय, रक्तदाब, साखर. ‘व्यसन’ या रकान्यापाशी ती थांबलीच नाही. ‘नाही’ लिहिलं आणि अभिमानाने डॉक्टरांना सांगितलं, “काका गेल्यावर बाबांनी तंबाखू सोडली. एका दिवसात.”

डॉक्टरांनी मान वर केली. “हे महत्त्वाचं आहे म्हणून पुन्हा विचारतो. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो. मशेरी, गुटखा, चिमूटभर काही?”

मंदा बघत होती. केतकी बघत होती. मी म्हणालो, “घरची सुपारी, तेवढीच.”

डॉक्टर हसले. “श्रीवर्धनकडचे तुम्ही, सुपारी कशी सुटणार?” त्यांनी ती कमी करायला सांगितली आणि फॉर्म बाजूला ठेवला. तेव्हा तोंड उघडायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात पुढचे सहा महिने वाचले असते.

सात नंबरचा पलंग

ऑपरेशनची जेवढी भीती वाटते तेवढं ते भयंकर नसतं, हे मी खात्रीने सांगतो. कमरेत सुई दिली आणि कमरेखालचं अंग दुसऱ्या कोणाचं तरी झालं. पडद्यापलीकडे डॉक्टर आणि नर्स क्रिकेटबद्दल बोलत होते. मधेच छोट्या यंत्राची घरघर. मला राग आला नाही, उलट धीर आला. मॅचवर बोलणारा माणूस घाबरलेला नसतो.

त्यानंतरचे चार दिवस सात नंबरच्या पलंगावर. सकाळी सहाला चहा, सातला ब्लडप्रेशर, आठला झाडू मारणाऱ्या मावशी. त्या प्रत्येकाला आजाराच्या नावाने हाक मारायच्या. “ओ घोटा, पाय वर घ्या. खुबा, तुमचं भांडं कुठाय?” खुबा म्हणजे शेजारच्या पलंगावरच्या एक आजी. त्यांची सून भारती दिवसभर तिथेच असायची. तिची आणि केतकीची मैत्री जमली. भारतीच्या भावाला खेळताना वरचेवर दुखापती व्हायच्या, म्हणून ती माझ्या स्क्रूंबद्दल खोदून खोदून विचारायची. दोघींनी फोन नंबर घेतले.

हॉस्पिटलात चार दिवस तंबाखू नव्हती. माझी चिडचिड व्हायची, जेवण नको वाटायचं. मंदाला वाटलं, वेदनेने. तिने तिचा डबाही माझ्यासमोर खाल्ला नाही.

खिडकी

घरी आल्यावर सहा आठवडे पाय जमिनीला टेकायचा नव्हता. ज्यांना हे करायचं आहे त्यांना सांगतो, प्लास्टरपेक्षा परावलंबीपणा जड जातो. पाणी प्यायचं तरी कुणाला तरी हाक मारायची. संडासाला वॉकर, बायको आणि दारात उभी वहिनी, एवढा लवाजमा. पहिल्या दिवशी मी त्या दोघींवर ओरडलो. मंदा म्हणाली, “ओरडा. पण धरून ओरडा, पडाल.”

पर्यटकांच्या खोल्या त्या दोघींनी चालवल्या. सुपारी उतरवून घेतली, वाळत घातली, वर माझं आजारपण. मंदाची कंबर धरायची, वहिनी कुरकुर न करता दुप्पट काम करायच्या. आणि मी खिडकीशी पडून गणपतची वाट बघायचो.

तंबाखू मीच मागितली. गणपतवर मी काही ढकलणार नाही. तो उलट म्हणाला होता, “अण्णा, डागतरानं न्हाय म्हणलंय नव्हं?”

“डॉक्टरला काय कळतंय? दे गुपचूप.”

“व्हय, पन वैनींनी बघितलं तं मला वाडीत उभं न्हाय करायच्या.”

तो विरीच्या तुकड्यात चिमूट गुंडाळून खिडकीच्या गजांतून द्यायचा. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा खालचा चामड्यासारखा भाग. तो वास धरत नाही. वर मी वहिनींच्या डबीतली सुपारी खायचो, म्हणजे तोंडाचा वास झाकला जायचा. त्यांनी माझ्यासाठी कातरलेली सुपारी मी कशाला वापरत होतो, हे लिहिताना आजही हात थांबतो.

तीन महिन्यांनी पुन्हा पनवेल. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिला. तुटल्याची रेघ तशीच होती.

“हाडाने अजून नीट धरलेलं नाही. स्क्रूंची ताकद आता कमी होत जाणार. पुन्हा आठ आठवडे पाय टेकू नका. तरी नाही जुळलं तर पुन्हा ऑपरेशन. धातूची पट्टी आणि कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तंबाखू वगैरे नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. या वेळी सुपारीचा आडोसाही घेतला नाही.

बाहेर आल्यावर मंदा केतकीला म्हणाली, “सांगत होते मी. लोखंड ते लोखंड. पण तुला शिकलेली म्हणून जास्त कळतं.” केतकी माझी व्हीलचेअर ढकलत राहिली. लिफ्टपाशी माझी व्हीलचेअर थांबवून ती माझ्यासमोर उकिडवी बसली. डोळे भरले होते.

“बाबा, माझंच चुकलं. आईचं ऐकायला हवं होतं.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ दे. तू मुद्दाम थोडंच केलंस?”

मी तिला माफ केलं. माझ्या गुन्ह्याबद्दल मी माझ्या मुलीला माफ केलं, आणि तिने डोळे पुसून ‘थँक यू बाबा’ म्हटलं. या आजारपणातलं पायाचं दुखणं आता पुसट होत चाललंय. ते ‘थँक यू’ मात्र रोज ऐकू येतं.

फोन

केतकी दर शनिवारी गावी यायला लागली. माझी प्रत्येक गोष्ट स्वतः करायची. प्रायश्चित्त घेतल्यासारखी. तिसऱ्या की चौथ्या रविवारी सकाळी ती माझ्या पलंगाशी बसून ओले केस पुसत होती आणि फोन वाजला. भारतीचा. तिच्या भावाचा घोटा मोडला होता. तरणा मुलगा, निर्व्यसनी. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय पुढे ठेवले होते, आणि घरच्यांना आज सांगायचं होतं.

केतकी म्हणाली, “भारतीताई, नका करू विरघळणारे. आमच्या बाबांचं बघा. सगळं पथ्य पाळलं, एक दिवस पाय टेकला नाही, तरी हाड जुळलं नाही. मी हट्ट केला आणि त्यांना भोगावं लागतंय.”

तोवर माझं खोटं आमच्या घरात होतं. आता ते एका अनोळखी पोराच्या पायात शिरायला निघालं होतं.

“केतकी, फोन ठेवू नको,” मी म्हणालो. “तिला थांबायला सांग.”

“का?”

“मी पथ्य पाळलेलं नाही. मी तंबाखू खातो. अजून खातो.”

तिने फोन कानाचा काढला, पण बंद केला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी उशीच्या अभ्र्यात हात घालून विरीचा तुकडा काढला आणि चादरीवर ठेवला. तिने तो उलगडला, हुंगला. मग फोनचा स्पीकर चालू करून माझ्यासमोर धरला. आवाज अगदी शांत होता.

“ताईंना तुम्ही सांगा.”

स्वयंपाकघरातला खलबत्ता थांबला होता. मंदा दारात आली होती. तिच्यामागे वहिनी.

मी सांगितलं. डॉक्टरांना खोटं सांगितलं, दोनदा. ऑपरेशनच्या आधी खात होतो, नंतरही खातो. केतकीने निवडलं त्यात काही चूक नव्हती. तुमच्या भावासाठी काय योग्य ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण माझ्याकडे बघून ठरवू नका.

भारती म्हणाली, “काका, पण मुलीला का नाही सांगितलंत?”

‘भावाला जपा,’ एवढंच मी म्हणालो.

फोन बंद झाल्यावर मंदा म्हणाली, “माझं पोर तीन आठवडे रडतंय. मी तिला बोल बोल बोलले. आणि तुम्ही पलंगावर पडून ऐकत होतात.” ती आणखी पुष्कळ बोलली. ते सगळं मला लागू होतं. केतकीने बॅग भरली आणि दुपारच्या एसटीने निघून गेली. जाताना पाया पडली नाही. ती दर वेळी पडते.

वहिनी दारातच उभ्या होत्या. मीच त्यांना म्हणालो, “वहिनी, पाटाशी पाणी फिरवायला नव्हतो गेलो.” त्यांनी मान हलवली. पलंगाशेजारची पितळी डबी उचलली, आतली सुपारी अंगणात टाकली, डबी घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवसापासून अडकित्त्याचा आवाज बंद झाला. आधी दादासाठी, मग माझ्यासाठी, वीस-बावीस वर्षं मी त्या आवाजाने उठत होतो.

डॉक्टर

डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, “मला आधी सांगितलं असतंत तर मी कदाचित धातूचे स्क्रू घातले असते. कदाचित हेच घातले असते. पण मला विचार करायला मिळाला असता.” पुढे हेही म्हणाले की फक्त तंबाखूनेच उशीर झाला असं छातीठोक सांगता येत नाही, काही हाडं मुळातच संथ असतात. हे ऐकून माझ्या मनाने लगेच उभारी घेतली. म्हणजे माझा दोष नसेलही! स्वतःची एवढी लाज मला त्याआधी वाटली नव्हती. खोटं कबूल करून अजून आठवडा झाला नव्हता आणि मन पळवाट शोधायला लागलं होतं.

तंबाखू सोडली. या वेळी ओंजळीत पाणी घेतलं नाही. पहिले दहा दिवस वाईट गेले. गणपतला खिडकीतूनच सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “मंग आता मी कुनासंगं खाऊ?” जरा वेळाने पुन्हा आला. “माझी म्हातारी बी लई मागं लागलीय. बघतो म्हणलं चार दिस सोडून.” चार दिवसांनी परत चंची सोडली. पण खिडकीपासून लांब जाऊन.

ज्येष्ठात एक्स-रे काढला. रेघ पुसट झाली होती. डॉक्टर म्हणाले, धरलं. दुसरं ऑपरेशन टळलं. केतकी तिथे होती. तपासणीला ती कधीच चुकली नाही. तिने डॉक्टरांना सगळे प्रश्न विचारले, माझ्या व्यायामाचा कागद घेतला. मला म्हणाली, “हळू.” एवढंच. पण तोल जाऊ नये म्हणून माझी चप्पल तिने स्वतः पायात सरकवली.

भारतीच्या भावाला विरघळणारे स्क्रू घातले आणि तो आता सायकल चालवतो, हे केतकीकडूनच कळलं. असं ती मला अधूनमधून काहीतरी सांगते. मी मागून घेत नाही.

तुमच्यापुढे हे ऑपरेशन असेल तर घाबरू नका. पाय टेकू नका म्हटलं तर टेकू नका. घरच्यांवर ओरडलात तर संध्याकाळच्या आत माफी मागा. आणि फॉर्मवरचा तो रकाना स्वतःच्या हाताने भरा. तो भरताना खोलीत कोणी असेल आणि लाज वाटत असेल, तर त्यांना बाहेर जायला सांगा. पण खरं लिहा.

कावघास

भाद्रपदात दादाचं श्राद्ध. केतकी आली होती. मागच्या अंगणात पानावर कावघास ठेवला आणि आम्ही चौघं जरा मागे सरून उभे राहिलो. नारळावर दोन कावळे होते. दोघंही हलेनात.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मंदा पदराशी चाळा करत होती. केतकीने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आम्हा सगळ्यांनाच हरिहरेश्वरचा तो खडक आठवत होता. माझ्या तोंडाशी शब्द आले. तंबाखू सोडून पाच महिने झाले होते, आता मी खरंच सांगू शकलो असतो. मी घसा साफ केला.

“आता काही बोलू नका, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पानाकडे बघत होत्या. “तो यायचा तेव्हा येईल.”

मी गप्प राहिलो. ऊन अंगणात सरकत आलं. घोटा आतून ठणकायला लागला. जास्त वेळ उभं राहिलं की अजून ठणकतो. केतकीने भिंतीशी ठेवलेली खुर्ची उचलून माझ्यामागे आणून ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मी बसलो नाही. चौघंही तिथेच उभे होतो, पानाकडे बघत.